आजाराला नाव देणारी डॉक्टर

१९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये काही मुले दाखल होत, ती पाहताक्षणी ओळखू येत. हातापायांच्या काड्या झालेल्या, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, भूक अमाप आणि तरीही अंगाला काही लागत नाही, अशी त्यांची अवस्था असे. शौचाला तेलकट आणि उग्र वासाची होई. त्यांच्या केसपेपरवर ‘सीलिअ‍ॅक’ हे निदान लिहिले जाई. गव्हातील ग्लुटेनशी या आजाराचा संबंध आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. अन्न न पचल्यामुळे खंगत जाणाऱ्या बहुतेक मुलांना त्या एकाच नावाखाली बसवले जात होते. उपचार म्हणजे पथ्य आणि पथ्य म्हणजे प्रामुख्याने केळी. डॉ. सिडनी हास यांनी १९२४ साली केळ्यांच्या आहाराने अशी मुले सुधारतात असे दाखवल्यापासून अमेरिकेतील बालरोग विभागांत केळ्यांचे प्रस्थ वाढले होते. काही मुले त्या आहारावर खरोखरच बाळसे धरत. काही मात्र केळी खाऊनही सुकत जात, सतत खोकत राहत आणि अखेर न्यूमोनियाने दगावत. मूल मुळातच अशक्त, त्याला न्यूमोनिया होणारच, अशी समजूत करून घेऊन त्यांची फाईल बंद केली जाई.

ती बंद झालेली फाईल पुन्हा उघडण्याचे काम डॉ. डोरोथी हॅन्सिन अँडरसन यांनी केले. ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या नावाने आज जगभर ओळखला जाणारा, मुलांची फुप्फुसे वर्षानुवर्षे पोखरणारा आनुवंशिक आजार स्वतंत्र आहे, हे त्यांनी १९३८ साली सविस्तर मांडले. गंमत अशी की अँडरसन या बालरोगतज्ज्ञ नव्हत्या. त्या विकृतिशास्त्रज्ञ होत्या. जिवंत मुलांना तपासणे हे त्यांचे कामच नव्हते. त्यांच्यापुढे मूल येई ते मृत्यूनंतर. आणि हा मार्ग त्यांनी आपण होऊन निवडलेला नव्हता.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील अ‍ॅशव्हिल येथे १५ मे १९०१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील हान्स पीटर अँडरसन हे डेन्मार्कहून आलेले स्थलांतरित. वायएमसीए या संस्थेत ते काम करीत. आई मेरी लुईस मेसन या न्यू इंग्लंडमधील जुन्या, प्रतिष्ठित घराण्यातील. डोरोथी हे त्यांचे एकुलते एक अपत्य. १९१४ मध्ये वडील वारले आणि आजारी आईची शुश्रूषा तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडली. मायलेकी पुढे उत्तरेकडे व्हर्मॉन्टमधील सेंट जॉन्सबरी येथे राहायला गेल्या. १९२० मध्ये आईही गेली. विसाव्या वर्षाच्या आत ही मुलगी पोरकी झाली होती आणि पाठीशी म्हणावे असे जवळचे कोणी उरले नव्हते. पुढील आयुष्यात त्यांच्या स्वभावात दिसलेला स्वावलंबनाचा हट्ट कदाचित येथेच रुजला असावा.

माउंट होल्योक कॉलेजातून १९२२ मध्ये प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्यांना फ्लॉरेन्स सेबिन यांचे मार्गदर्शन लाभले. हॉपकिन्समध्ये पूर्ण प्राध्यापकपद मिळवणाऱ्या सेबिन या पहिल्या महिला. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना, विद्यार्थिदशेतच, डुकराच्या मादीच्या प्रजनन अवयवांतील रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्यांवरचे अँडरसन यांचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९२६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. त्यानंतर वर्षभर रोचेस्टर येथे शरीररचनाशास्त्र शिकवले आणि तेथीलच स्ट्राँग मेमोरियल हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया विभागात इंटर्नशिप केली.

त्यांना सर्जन व्हायचे होते. हात कसबी होता, शरीररचनेचे ज्ञान पक्के होते, कष्टांची तयारी होती. इंटर्नशिपनंतरची स्वाभाविक पायरी म्हणजे शस्त्रक्रियेतील रेसिडेन्सी. ती त्यांना नाकारण्यात आली, आणि कारण एकच होते, त्या स्त्री होत्या. त्या काळात अशा नकारासाठी फारशी सबब शोधावी लागत नसे. अँडरसन यांनी यावर वाद घातल्याचे किंवा पुढे कधी त्याचे भांडवल केल्याचे दिसत नाही. १९२९ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाल्या. संशोधनाच्या तळघरात स्त्रियांना निदान शिरकाव तरी होता. पुढची काही वर्षे त्यांनी अंतःस्रावी ग्रंथी आणि प्रजननचक्र यांच्या संबंधावर काम केले आणि १९३५ मध्ये कोलंबियाची डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बेबीज हॉस्पिटलमध्ये विकृतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली.

येथे आल्यावर त्यांचे लक्ष प्रथम गेले ते जन्मजात हृदयदोषांकडे. पण मुलांच्या आजारांच्या इतिहासात त्यांचे नाव कोरले गेले ते एका वेगळ्याच अवयवामुळे. सीलिअ‍ॅकचे निदान झालेल्या एका मुलाचे शवविच्छेदन करताना त्यांना स्वादुपिंडात काहीतरी विपरीत दिसले. निरोगी स्वादुपिंडात पाचकरस तयार करणाऱ्या पेशींचे मऊ, दाट पुंजके असतात. येथे त्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. त्यांच्या जागी चिवट तंतुमय ऊतक साठले होते आणि मधूनमधून घट्ट स्राव भरलेल्या लहान लहान पुटी होत्या. सीलिअ‍ॅकमध्ये स्वादुपिंड असे असायला नको होते. दुसरा एखादा डॉक्टर ही विचित्र गोष्ट अहवालात एका ओळीत नोंदवून पुढे गेला असता. अँडरसन थांबल्या.

त्यांनी रुग्णालयातील जुने शवविच्छेदन अहवाल काढले, जपून ठेवलेले नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातले, इतर रुग्णालयांकडून माहिती मागवली, वैद्यकीय नियतकालिकांचे जुने अंक धुंडाळले. अशी एकूण ४९ मुले त्यांनी एकत्र मांडली. १९३८ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ डिसीजेस ऑफ चिल्ड्रेन’ या नियतकालिकात त्यांचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला आणि ‘सिस्टिक फायब्रोसिस ऑफ द पँक्रियास’ हे नाव वैद्यकात रूढ झाले. या निबंधाची खरी ताकद मांडणीत होती. मृत्यूच्या वयानुसार त्यांनी मुलांचे गट पाडले. काही बाळे जन्मानंतर थोड्याच दिवसांत आतडे घट्ट मळाने तुंबून गेली होती. काही पहिल्या काही महिन्यांतच फुप्फुसांच्या संसर्गाने दगावली होती. जी त्यातून तगली, ती पुढे सीलिअ‍ॅकसारखी दिसू लागली होती. एरवी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी तीन वेगवेगळी निदाने केली असती अशी ही मुले. त्यांचे स्वादुपिंड मात्र एकच गोष्ट सांगत होते.

आणि फुप्फुसेही. नाव स्वादुपिंडाचे पडले, तरी या मुलांचा जीव घेत होती ती फुप्फुसे. श्वासनलिका चिकट, पिवळ्या पुवाने गच्च भरलेल्या, त्यांच्या भिंती ताणून सैल पडलेल्या, जागोजागी लहान गळवे. हे सारे अँडरसन यांनी तपशीलवार नोंदवले आणि त्यात बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस हा जंतू सापडतो हेही सांगितले. युरोपात स्वित्झर्लंडच्या ग्विडो फॅन्कोनी यांनी दोन वर्षे आधी, १९३६ मध्ये, अशाच काही मुलांचे वर्णन केले होते. तेव्हा पहिला मान कोणाचा याची चर्चा होऊ शकते. परंतु फॅन्कोनी यांचे वर्णन मोजक्या मुलांपुरते होते. अँडरसन यांनी आजाराचा नकाशा काढला.

त्या नकाशात एक मोठी चूक होती, तिचाही उल्लेख व्हायला हवा. स्वादुपिंड बिघडल्याने स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, त्यामुळे अ जीवनसत्त्व शरीरात शोषले जात नाही आणि त्याच्या अभावाने श्वासनलिकांचे अस्तर खराब होऊन फुप्फुसांना जंतू लागतात, असा त्यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरला. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी काही वर्षांतच दाखवून दिले की दोष एका ग्रंथीचा नसून शरीरात ठिकठिकाणी तयार होणारा श्लेष्मा घट्ट होणे हे मूळ आहे. फुप्फुसे स्वादुपिंडामुळे नव्हे, तर स्वादुपिंडासारखीच तुंबतात. फार्बर यांनी या आजाराला ‘म्युकोव्हिसिडोसिस’ हे नाव सुचवले. युरोपात ते नाव अजूनही काही ठिकाणी चालते. अँडरसन यांची ओळख पटवण्यात चूक नव्हती, कारणमीमांसेत होती, आणि संशोधनात या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

एखादी विकृतिशास्त्रज्ञ निबंध लिहून तेथेच थांबली असती, तरी तिचे काम मोठेच ठरले असते. पण ज्या आजाराचे निदान फक्त मृत्यूनंतर होते, त्याच्या ज्ञानाचा त्या मुलाला उपयोग काय, हा प्रश्न अँडरसन यांना सोडवत नव्हता. त्यांनी जिवंत मुलांमध्ये निदान करण्याची रीत बसवली. तोंडातून एक बारीक नळी पोटामार्गे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत न्यायची, तेथील रस काढायचा आणि त्यात स्वादुपिंडातील ट्रिप्सिनसारखे पाचक विकर आहेत की नाहीत ते तपासायचे. विकर नसतील तर हा सीलिअ‍ॅक नव्हे. लहान मुलाच्या घशातून अशी नळी घालणे हे मुलाला आणि आईला किती त्रासाचे असेल याची कल्पना करता येते. तरी पहिल्यांदाच, मूल हयात असताना, त्याला नेमके काय झाले आहे हे सांगता येऊ लागले. मग त्यांनी या मुलांसाठी आहार ठरवला, प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून केलेला अर्क दिला, वाढ मोजली. ज्यांना रुग्णाजवळ जाऊ दिले गेले नव्हते, त्या आता शवविच्छेदन कक्षातून वर वॉर्डात जाऊन या मुलांच्या डॉक्टर झाल्या होत्या.

अन्न पचू लागले, पण खोकला थांबेना. १९४० च्या दशकात सल्फा औषधे आणि पाठोपाठ पेनिसिलिन आले. रोममध्ये शिकून न्यूयॉर्कला आलेले तरुण डॉक्टर पॉल दी सांत्’अग्नेसे या काळात अँडरसन यांचे सहकारी झाले. त्या दोघांनी १९४६ मध्ये या मुलांच्या श्वसनमार्गाच्या संसर्गावरील उपचारांचा अनुभव प्रसिद्ध केला. पेनिसिलिन टोचण्याबरोबरच त्याचा फवारा करून तो श्वासावाटे थेट फुप्फुसांत सोडण्याचा प्रयोगही त्यात होता. दीर्घकालीन श्वसनविकार असलेल्या मुलाच्या हाती आज नेब्युलायझर दिसणे नवलाचे वाटत नाही. त्या वेळी प्रतिजैविक असे फुप्फुसात पोचवणे ही नवी कल्पना होती, आणि तिने अनेक मुलांना काही वर्षांचे आयुष्य दिले.

त्याच वर्षी रिचर्ड हॉजेस यांच्यासमवेत अँडरसन यांनी आणखी एक निबंध लिहिला, तो कुटुंबांविषयी. आईवडील निरोगी, मात्र एकाच घरातील दोन-दोन, तीन-तीन मुले याच आजाराने गेलेली, असे त्यांना वारंवार दिसत होते. भावंडांची मोजदाद करून त्यांनी हा आजार अप्रभावी पद्धतीच्या आनुवंशिकतेने येतो, असा निष्कर्ष काढला. म्हणजे दोष आईवडील दोघांकडूनही यावा लागतो, आणि तसे जोडपे असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक इतकी शक्यता असते. मुलाच्या आजाराबद्दल आईच्या दुधाला, खाण्याला किंवा निष्काळजीपणाला दोष देण्याची रीत तेव्हा होती. त्या रीतीला या आकड्यांनी छेद दिला.

ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भयंकर उष्णतेची लाट आली. उष्माघाताने गळून गेलेली लहान मुले रुग्णालयात आणली जाऊ लागली. त्यांत सिस्टिक फायब्रोसिसची मुले प्रमाणाबाहेर जास्त आहेत, ही गोष्ट अँडरसन आणि त्यांचे सहकारी वॉल्टर केसलर यांच्या लक्षात आली. १९५१ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. घामावाटे ही मुले काहीतरी जास्त गमावत असावीत, हे उघड होते. दी सांत्’अग्नेसे यांनी हा धागा पकडला आणि १९५३ मध्ये, आपल्या सहकाऱ्यांसह, या मुलांच्या घामात सोडियम व क्लोराइड निरोगी मुलांच्या कितीतरी पट जास्त असते हे सिद्ध केले. कपाळाचा मुका घेतल्यावर ज्या बाळाचा घाम खारट लागतो ते फार जगत नाही, असा समज युरोपात शतकानुशतके होता. त्या म्हातारीच्या गोष्टीत तथ्य निघाले.

नळी घालण्याची गरज आता उरली नाही. १९५९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लुईस गिब्सन आणि रॉबर्ट कुक यांनी त्वचेवर औषध व सौम्य विद्युतप्रवाह वापरून थोडासा घाम काढण्याची सुरक्षित पद्धत दिली आणि घामाची चाचणी या आजाराच्या निदानाची कसोटी बनली. ती आजही आहे. १९५३ च्या निबंधावर अँडरसन यांचे नाव नाही. चाचणीचे श्रेय दी सांत्’अग्नेसे यांचे आहे आणि ते त्यांना मिळायलाच हवे; पण उष्णतेच्या लाटेतील ती मुले कोणी ओळखली, हे नंतरच्या अनेक वर्णनांतून गळून गेले, हेही खरे.

सहकाऱ्यांना अँडरसन यांच्याबद्दल आदर होता, तशा तक्रारीही होत्या. त्यांची प्रयोगशाळा पसाऱ्याने भरलेली असे, केस विस्कटलेले असत, हातात सिगारेट आणि तिची राख कुठेही सांडलेली. तेव्हाच्या प्रतिष्ठित डॉक्टर बाईंनी ज्या नीटनेटकेपणाने वावरावे अशी अपेक्षा होती, ती त्यांनी कधी पुरी केली नाही. अशीच वेशभूषा एखाद्या पुरुष प्राध्यापकाची असती, तर तो विद्वत्तेतला विसराळूपणा ठरला असता. न्यू जर्सीच्या किटाटिनी डोंगररांगांत त्यांनी एक जुने शेत घेतले होते. तेथे त्या सुतारकाम करीत, छप्पर दुरुस्त करीत. दगड रचून त्यांनी चूलही बांधली. सुटीला आलेल्या पाहुण्यांच्या हातीही हातोडा दिला जाई. डोंगर चढणे, नदीत होडी वल्हवणे, बर्फावर घसरणे हे त्यांचे छंद. सर्जन होऊ न शकलेले ते हात असे कामात असत.

त्यांच्या हृदयविषयक कामाचीही आठवण ठेवायला हवी. जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या हृदयांचा मोठा संग्रह त्यांनी जमवला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून हृदयावर शस्त्रक्रिया करू पाहणाऱ्या सर्जनांना हृदयाची रचना आणि तिचा गर्भावस्थेतील विकास त्या शिकवीत. शस्त्रक्रियेच्या ज्या दालनात त्यांना प्रवेश नव्हता, तेथे जाणारे लोक आधी त्यांच्याकडे शिकून जात होते. १९५६ मध्ये त्यांनी मुलांच्या यकृतात विकृत ग्लायकोजेन साठणाऱ्या एका दुर्मीळ आजाराचे वर्णन केले. तो अँडरसन आजार म्हणूनच ओळखला जातो. १९५२ मध्ये त्या विकृतिशास्त्र विभागप्रमुख झाल्या, आणि १९५८ मध्ये पूर्ण प्राध्यापक. सिस्टिक फायब्रोसिसवरील निबंधाला तेव्हा वीस वर्षे झाली होती.

अखेरच्या वर्षांत त्यांचे लक्ष एका नव्या गटाकडे वळले होते. ज्या आजारात मूल शाळेचे वय गाठत नसे, त्यातील काही रुग्ण आता तारुण्यात पोचत होते. त्यांची फुप्फुसे कशी टिकवायची, हे कोणत्याच पुस्तकात नव्हते, कारण असा रुग्ण पूर्वी कोणी पाहिलाच नव्हता. अँडरसन यांनी त्यांच्याविषयी लिहायला सुरुवात केली. १९६२ मध्ये त्यांच्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि ३ मार्च १९६३ रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आयुष्यभर मुलांच्या फुप्फुसांचा विचार करणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या फुप्फुसांची पर्वा मात्र केली नव्हती. त्यांचे एक चित्र रुग्णालयासाठी काढले गेले होते. पुढे ते कुठे गेले, याचा पत्ता शोध घेणाऱ्यांना लागला नाही.

त्यांनी भावंडे मोजून ज्याचा अंदाज बांधला, ते जनुक १९८९ मध्ये सातव्या गुणसूत्रावर सापडले. टोरांटोतील लॅप-ची त्सुई व जॅक रायोर्डन आणि मिशिगनमधील फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या चमूंचे ते काम. पेशीच्या आवरणातून क्लोराइडची ये-जा सांभाळणारे एक प्रथिन या जनुकावर अवलंबून असते. ते बिघडले की घाम खारट होतो आणि श्लेष्मा घट्ट. अँडरसन यांना पडलेली स्वादुपिंड, फुप्फुस आणि घाम ही तीन कोडी एकाच दोषात सुटली. त्या प्रथिनाचेच काम सुधारणारी औषधे २०१२ पासून उपलब्ध होऊ लागली आणि २०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांच्या संयुक्त गोळीला मान्यता मिळाली. तिची तेथील वर्षाची किंमत तीन लाख डॉलरांच्या वर होती. अमेरिकेत आज जन्मणाऱ्या अशा मुलाचे अपेक्षित आयुर्मान साठीच्या पलीकडे गेले आहे. गरीब देशांतील मुलांच्या वाट्याला हे आयुष्य आलेले नाही.

भारतात हा आजार नसतोच, असे दीर्घकाळ मानले गेले. तो गोऱ्या लोकांचा आजार, असे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले जाई. १९६८ मध्ये भारतीय मुलांमधील रुग्णांचे वर्णन बालरोगाच्या भारतीय नियतकालिकात आले, तेव्हा अँडरसन यांना जाऊन पाच वर्षे झाली होती. युरोपीय मुलांपेक्षा तो येथे विरळ असला, तरी तो आहे. वारंवार न्यूमोनिया होणारे, भरपूर खाऊनही वजन न वाढणारे मूल आपल्याकडे बरेचदा क्षयरोगाच्या गोळ्या घेत किंवा दम्याच्या पंपावर फिरत राहते. घामाची चाचणी सर्व शहरांत होत नाही, आणि होते तेथेही ती सांगणारा डॉक्टर भेटावा लागतो. अनेक घरांत ही शंका पहिल्यांदा येते ती उन्हाळ्यात, मुलाच्या अंगावर घाम वाळून मिठाचे पांढरे कण दिसतात तेव्हा.